नसा मंद आहेत की पाय लांब?

प्रश्न : माझं वय ४४, उंची १९० सेंमी, वजन १०८ किलो. पत्नी ४२ वर्षांची, उंची १५४ सेंमी, वजन ५० किलो. एका संशोधनासाठी निरोगी स्वयंसेवक हवे होते, म्हणून आम्ही दोघांनी एकाच दिवशी नर्व्ह कंडक्शन स्टडी (विजेचा हलका झटका देऊन नसेतला संदेश मोजण्याची चाचणी) करून घेतली. तिचा रिपोर्ट स्वच्छ आला. माझ्या रिपोर्टमध्ये चार आकड्यांपुढे बाण आहेत. पायाच्या पेरोनियल नसेचा वेग सेकंदाला ४० मीटर (मर्यादा ४२, तिचा ५२). पायाच्याच टिबियल नसेचा एफ-वेव्ह (मणक्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या संदेशाचा वेळ) ५९ मिलिसेकंद (मर्यादा ५६, तिचा ४४). पायाच्या सुरल नसेचं अँप्लिट्यूड (संदेशाची उंची) ५ मायक्रोव्होल्ट (मर्यादा ६, तिचं १७). तर्जनीवरचं मीडियन नसेचं अँप्लिट्यूड १५ (मर्यादा २०, तिचं ४८). मला मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा काही नाही. साखर, बी-१२, थायरॉइड ठीक आहे. खोलीत एसी जोरात होता आणि माझा नंबर येईपर्यंत मी अर्धा तास अनवाणी बसलो होतो, हे लिहिण्यासारखं आहे की नाही कळत नाही. माझ्या नसा खराब होत चालल्या आहेत का?

उत्तर : एसीचं ते वाक्य लिहिलंत हे फार बरं केलंत. पत्रातली सर्वांत कामाची माहिती तीच आहे. रिपोर्टवर पायाच्या कातडीचं तापमान लिहिलंय का, ते आधी पाहा. नसेल, तर पायाच्या वेगाबद्दल त्या कागदावरून ठाम काही बोलता येणार नाही.

नसेतून संदेश जातो तो तंतूच्या आवरणातल्या फटींपाशी सोडियमची दारं उघडत-मिटत. थंडीत ही दारं सावकाश उघडतात आणि त्याहूनही सावकाश मिटतात. प्रत्येक फटीपाशी थोडा थोडा वेळ जातो आणि एकूण वेग घटतो. १८५० साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेतला वेग पहिल्यांदा मोजला, तेव्हाच थंडीचा हा परिणाम त्यांच्या लक्षात आला होता. माणसाच्या हातापायात कातडीचं तापमान १ अंशाने उतरलं की वेग साधारण दीड ते अडीच मीटरने घटतो आणि टोकाकडची लेटन्सी (झटक्यापासून संदेश उमटेपर्यंतचा वेळ) सुमारे ०.२ मिलिसेकंदाने वाढते. म्हणून चाचणीच्या वेळी हाताचं तापमान निदान ३२ अंश आणि पायाचं ३० अंश असावं असा दंडक आहे. थंड खोलीत अर्धा तास उघडा राहिलेला पाय २७ अंशांवर सहज येतो. तीन अंशांचे झाले सहा मीटर. म्हणजे तुमचे ४० हे प्रत्यक्षात ४६ असू शकतात आणि तो बाण तिथेच गळून पडतो.

'असू शकतात' हा शब्द मुद्दाम वापरलाय. सूत्र लावून आकडा दुरुस्त करणं हा दुय्यम मार्ग आहे. ते सूत्र निरोगी नसेवर बसवलेलं आहे आणि आजारी नस त्याच प्रमाणात मंदावेल याची खात्री नसते. पाय गरम करून पुन्हा मोजणं हाच खरा उपाय. गरम पाण्याच्या पिशव्या किंवा दिव्याची ऊब द्यायची, नाहीतर पाय प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात बुडवायचा. हे दहा-पंधरा मिनिटं तरी करावं लागतं, कारण कातडी लवकर तापते आणि आतली नस मागे राहते. दोन मिनिटं ऊब देऊन कातडीवर ३१ अंश दिसले, तरी नस अजून थंडच असते. चाचणी चालू असताना पाय पुन्हा गार होतो, म्हणून तापमान मध्येच परत पाहावं लागतं.

थंडीची एक खूण मात्र तुमच्या रिपोर्टमध्ये उलटी दिसते. दारं उशिरा मिटतात म्हणून थंड नसेचा संदेश रुंदही होतो आणि उंचही. वेग कमी पण अँप्लिट्यूड वाढलेलं, अशी जोडी दिसली की तंत्रज्ञाने पहिल्यांदा थर्मामीटर उचलावा. तुमची अँप्लिट्यूड तर कमी आहेत. थंडीने ती कमी होत नाहीत. तेव्हा चारही बाण एकाच कारणाने आलेले नाहीत आणि ते एकेक करूनच सोडवावे लागतील.

एफ-वेव्हचा बाण सर्वांत सोपा आहे, कारण तो जवळजवळ निव्वळ अंतराचा हिशोब आहे. घोट्यापाशी विजेचा झटका दिला की एक संदेश वर मणक्यापर्यंत जातो, तिथल्या पेशींना जागं करतो आणि त्याच वाटेने पायाच्या स्नायूपर्यंत परत येतो. जाऊन-येऊन एवढा प्रवास असल्यामुळे अंतर दोनदा मोजलं जातं. घोट्यापासून कण्याच्या त्या भागापर्यंतचं अंतर ढोबळमानाने उंचीच्या ६२ टक्के धरलं, तर तुमचं होतं ११८ सेंमी आणि पत्नीचं ९५. फरक २३ सेंमी, जाऊन-येऊन ४६. सेकंदाला ५० मीटर वेगानेसुद्धा या जादा ४६ सेंमीला ९ मिलिसेकंदांहून थोडं जास्तच लागतं.

पूर्ण गणितही करून पाहा. अंतर सेंटीमीटरमध्ये घ्या, दोनाने आणि मग दहाने गुणा, वेगाने भागा, त्यात पेशी जागी होण्याचा १ मिलिसेकंद आणि घोट्यापासून स्नायूपर्यंतची लेटन्सी मिळवा. पत्नीचे ९५ सेंमी, वेग ५०, लेटन्सी ४.५ धरली तर उत्तर ४३.५ येतं, रिपोर्टमध्ये ४४ आहे. तुमचे ११८ सेंमी, वेग ४५, लेटन्सी ५ धरली तर ५८ च्या थोडं वर, रिपोर्टमध्ये ५९. (पेरोनियल ४० असताना इथे ४५ का? मांडीकडचा भाग पोटरीखालच्या भागापेक्षा वेगवान असतो, म्हणून पूर्ण वाटेची सरासरी वर जाते.) सर्वांना सरसकट ५६ ची मर्यादा लावणारी प्रयोगशाळा उंच माणसाला आजारी ठरवते आणि बुटक्या माणसाचा आजार झाकते. उंचीनुसार तक्ता नसेल, तर एफ-वेव्हच्या आकड्यापुढे बाण काढूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन पायांतला फरक पाहणं त्याहून भरवशाचं. तो ४ मिलिसेकंदांच्या आत असेल, तर या बाणाचा विषय संपला.

आता पुन्हा पेरोनियलच्या वेगाकडे. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. मग लांब पायाने तो कमी का व्हावा? कारण नस सगळीकडे सारख्या जाडीची नसते. टोकाकडे तंतू बारीक होत जातो, त्याच्या आवरणातल्या फटी जवळ जवळ येतात आणि तापमानही उतरतं. आवरण असलेल्या तंतूचा वेग त्याच्या जाडीच्या सुमारे सहापट असतो, म्हणजे १ मायक्रॉन जाडी घटली की सेकंदाला ६ मीटर गेले. तंतू जितका लांब, तितका त्याचा बारीक, थंड भागही लांब, असं यामागचं कारण मानलं जातं. हातांपेक्षा पायांच्या नसा सेकंदाला सात ते दहा मीटरनी मंद असतात, तेही याच कारणाने. पायांत १० सेंमी उंचीमागे साधारण १ ते ३ मीटरचा फरक पडतो. हातांत हा परिणाम पुसट असतो.

तुम्हा दोघांत ३६ सेंमीचा फरक आहे. तुमच्यातला १२ मीटरचा फरक उंची आणि गारठा मिळून आरामात खाऊन टाकतात. पण इथे एक लगाम हवा. उंचीची सूट किती द्यायची याला हद्द आहे. खूप उंच माणसात नेहमीच्या खालच्या मर्यादेच्या आणखी २ ते ४ मीटर खालीपर्यंत चालवून घेतात, त्यापलीकडे नाही. पाय नीट तापवल्यावरही तुमचा वेग ३६-३७ आला, तर 'उंच आहे म्हणून' हे उत्तर पुरणार नाही.

मोजपट्टीचाही एक प्रश्न असतो. घोटा ते गुडघ्याखालचं हाड हे अंतर तुमच्यात ३६ सेंमी धरू आणि वेळ ९ मिलिसेकंद, म्हणजे बरोबर ४०. पट्टी १ सेंमीने चुकली तर वेग एका मीटरहून थोडा जास्त हलतो. पत्नीच्या आखूड पायावर तीच १ सेंमीची चूक पावणेदोन मीटरच्या घरात जाते. लांब पायाचा हा एक फायदाच. मात्र भरलेल्या पोटरीवरून पट्टी वळत जाते, नस सरळ जाते आणि मोजलेलं अंतर खऱ्यापेक्षा जास्त भरतं. त्यामुळे स्थूल माणसाचा वेग चुकून जास्तच दाखवला जाण्याची शक्यता असते. ही चूक तुमच्या बाजूने झुकणारी आहे, हेही लक्षात असू द्या.

अँप्लिट्यूडचे दोन बाण उरले. इथे उंचीचं फारसं काम नाही. इथला प्रश्न नस आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये किती मांस-चरबी आहे, हा.

सेन्सरी, म्हणजे संवेदना वाहणाऱ्या, नसेचा संदेश मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात, स्नायूचा मिलिव्होल्टमध्ये. म्हणजे हजारपट मोठा. एवढा लहानसा संदेश उतींमधून कातडीपर्यंत येईतो झपाट्याने विरतो. तर्जनीवर कडीसारखा इलेक्ट्रोड घालतात. बोटाचा घेर ५ सेंमी असेल तर त्रिज्या ८ मिलिमीटर, ७ सेंमी असेल तर ११. हे तीन मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण कडीतल्या नसेपासून धातू तेवढा लांब गेला की आकडा ठळकपणे खाली येतो. बायकांच्या हातातली सेन्सरी अँप्लिट्यूड पुरुषांपेक्षा मोठी का, याचं बरंचसं उत्तर बोटाच्या घेरात सापडतं. वेगातला स्त्री-पुरुष फरकही उंची जमेस धरली की बराचसा मावळतो. म्हणून दोघांची तुलना करताना 'बाईच्या नसा चांगल्या' असा निष्कर्ष काढू नका. तिच्या नसा इलेक्ट्रोडच्या जवळ आहेत, एवढंच.

वजनाचाही परिणाम इथेच होतो. तुमचा बीएमआय ३० च्या, म्हणजे स्थूलतेच्या, उंबऱ्यावर आहे. स्थूल माणसांत सेन्सरी अँप्लिट्यूड सडपातळ माणसांपेक्षा २० ते ४० टक्क्यांनी कमी सापडतात, वेगात मात्र बीएमआयमुळे फरक दिसत नाही. पायावर सूज असेल तर तेच. शिवाय जाड थरातून विजेचा झटका नसेपर्यंत पुरेसा पोचतो का, ही वेगळी अडचण. करंट हळूहळू वाढवत न्यायचा, अँप्लिट्यूड वाढायचं थांबलं की त्याहून २०-२५ टक्के जास्त द्यायचा, अशी रीत आहे. तंत्रज्ञ अलीकडेच थांबला तर नसेतले काही तंतू झोपलेलेच राहतात. अँप्लिट्यूड कमी येतं, आणि सर्वांत वेगवान तंतू त्या झोपलेल्यांत असले तर लेटन्सीही लांबते. उलट करंट फारच चढवला तर तो शेजारच्या नसेलाही लागतो आणि आकडे खोटे चांगले येतात. जाड पायावर करंट चढवत बसण्यापेक्षा झटक्याचा कालावधी ०.१ वरून ०.२, गरज पडल्यास आणखी जास्त मिलिसेकंद करणं आणि इलेक्ट्रोड नीट दाबून धरणं जास्त उपयोगी पडतं.

तर्जनीचे १५ बोटामुळे की मनगटात मीडियन नस दाबली गेल्यामुळे, हे ओळखायची एक सुरेख युक्ती आहे. अनामिकेला मीडियन आणि अल्नर या दोन्ही नसांचे धागे जातात. त्याच बोटावर तीच कडी ठेवून, सारख्याच अंतरावरून एकदा मीडियनला झटका द्यायचा, एकदा अल्नरला. दोन्ही लेटन्सींत जवळजवळ अर्ध्या मिलिसेकंदाहून जास्त फरक आला तर मनगटात गडबड आहे. बोट तेच, तापमान तेच, चरबी तीच, वय तेच; देहाचे सगळे गुणधर्म दोन्ही बाजूंनी कटतात आणि फक्त नसेतला फरक उरतो. करंगळीवरचं अल्नरचं अँप्लिट्यूडही पाहा. तेही मीडियनइतकंच खाली असेल तर दोष बोटांच्या जाडीचा. जाता जाता मनगटाची जाडी आणि रुंदी मोजून घ्या. जाडी भागिले रुंदी ०.७ किंवा जास्त आली तर मनगट चौकोनी धरतात, आणि अशा मनगटांत मीडियन मंदावण्याचं प्रमाण जास्त आढळतं. जादा वजनही त्याच दिशेने ढकलतं, म्हणून त्रास नसला तरी तुमच्यात ही तपासणी वाया जाणार नाही.

सुरलच्या ५ मायक्रोव्होल्टबद्दल मात्र आम्ही तितके निर्धास्त नाही. मर्यादा ६, तुमचे ५. घोट्यामागची चरबी किंवा जराशी सरकलेली जागा एवढा फरक सहज पाडते. इलेक्ट्रोड अर्धा सेंमी पुढे-मागे सरकवून सर्वांत मोठा संदेश शोधावा लागतो, आणि घाईत हेच राहून जातं. वयाने ही नस सर्वांत आधी मावळते, साठीनंतर काही निरोगी माणसांत ती उमटतच नाही. पण तुमचं वय ४४ आहे, वयाच्या खात्यावर फार टाकता येणार नाही. शिवाय स्थूलता आकडा दोन वाटांनी खाली आणते. एक वाट इलेक्ट्रोड आणि नसेतल्या चरबीची, ती निरुपद्रवी. दुसरी वाट खरीखुरी: जादा वजन आणि त्याच्याबरोबर येणारे चयापचयाचे बिघाड पायांच्या टोकाकडच्या नसांना साखर वाढण्याआधीही इजा करू शकतात. फक्त सुरलचा आकडा पाहून या दोन वाटा वेगळ्या करता येत नाहीत.

त्यासाठी हातातल्या रेडियल नसेचं सेन्सरी अँप्लिट्यूड घ्यायला सांगा आणि सुरलला त्याने भागा. चरबी आणि वय दोन्हीकडे सारखाच हात मारतात, टोकाकडून सुरू होणारा आजार आधी पायावर मारतो. भागाकार ०.४ च्या बराच वर असेल तर चांगलं. खाली असेल तर पुढे पाहावं लागेल. दुसऱ्या पायाची सुरलही हवी, कारण एका बाजूचं अँप्लिट्यूड दुसरीच्या निम्म्याहून कमी असेल तर ते चरबीचं काम नव्हे. आणि डॉक्टरांकडून पायाच्या अंगठ्यावर १२८ हर्ट्झच्या ट्युनिंग फोर्कने कंप जाणवतो का आणि घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाऊल उडतं का, हे तपासून घ्या. या दोन गोष्टींना पाच मिनिटं लागतात. त्या ठीक असतील तर आमच्या लेखी त्यांचं वजन त्या एका बाणापेक्षा जास्त आहे.

आणखी एक गोष्ट, जी रिपोर्टवर कधी छापत नाहीत. प्रत्येक मर्यादा अशी आखलेली असते की निरोगी माणसांतले दोन-अडीच टक्के तिच्या बाहेर पडणारच. एका माणसाचे असे दहा आकडे घेतले आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तर निदान एक तरी बाण निघण्याची शक्यता २२ टक्के होते. वीस आकड्यांना ४० टक्के. एकट्या बाणाने घाबरू नये ते यासाठी. तुमचे चार आहेत खरे, पण सुरल सोडता प्रत्येकाचं वेगळं आणि साधं कारण समोर दिसतंय.

तेव्हा करायचं काय? चाचणी पुन्हा करा, पण अटी घालून. पातळ मोजे घालून जा, खोलीत गेल्यावर पाय झाकून ठेवा, चाचणीआधी पाय ३० अंशांवर आणि हात ३२ वर आहेत हे दाखवायला सांगा आणि ते आकडे रिपोर्टवर लिहून घ्या. क्रीम-तेल लावून जाऊ नका, त्याने इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो. उंची, वजन, ज्या बोटावर कडी घालतात त्याचा बुंध्यापाशी घेर, हेही लिहायला लावा. दोन्ही पायांची पेरोनियल, टिबियल, सुरल आणि एफ-वेव्ह, एका हाताची मीडियन-अल्नर अनामिकेवरची तुलना आणि रेडियल, एवढं पुरे. पायाच्या मोटर, म्हणजे स्नायूकडे जाणाऱ्या नसेच्या, चाचणीत कधी कधी गुडघ्यापाशी झटका दिल्यावर घोट्यापेक्षा मोठा संदेश येतो. तसं दिसलं तर दचकू नका. पेरोनियलची एक जादा फांदी घोट्याच्या मागून जाते, अशी माणसं बरीच असतात, आणि घोट्यामागे झटका दिला की ती सापडते.

पुढच्या रिपोर्टमध्ये कशाला देहाची सबब चालणार नाही, तेही सांगून ठेवतो. मर्यादेच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी वेग, म्हणजे तुमच्या पेरोनियलला ३१-३२ च्या खाली, नीट तापवलेल्या पायात नुसत्या उंचीने होत नाही. तिथे आवरणाचा आजार शोधायचा. दोन बाजूंत मोठी तफावत, संदेश तुटक-पसरट होणं, वरच्या आणि खालच्या झटक्यात अँप्लिट्यूड अर्ध्याहून जास्त पडणं, हे उंची, वजन, वय यांनी होत नाही. टिबियलला मात्र गुडघ्यामागची नस खोल असल्याने निरोगी माणसातही मोठी घट येते, तिथे दुसऱ्या पायाशी तुलना करूनच बोलावं. आणि मध्यंतरी तळव्यांची आग, रात्रीच्या मुंग्या किंवा चप्पल पायातून निसटणं सुरू झालं, तर पुन्हा चाचणीची वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

संशोधन करणाऱ्यांना मात्र आजच कळवा की तुमच्या पायाचं तापमान नोंदलेलं नाही. त्यांना निरोगी माणसांचे आकडे हवे आहेत. थंड पायाचा ४० त्यांच्या यादीत तसाच गेला तर पुढच्या माणसाची मर्यादाच खाली सरकेल.

राहिला पत्नीचा स्वच्छ रिपोर्ट. तो फाइलमध्ये जपून ठेवा. बारीक बोटं आणि ठेंगणा बांधा असल्यामुळे तिचे आकडे मर्यादेच्या खूप वर आहेत, आणि हेच तिच्या बाबतीत फसवं ठरू शकतं. उद्या मनगट दुखतंय म्हणून तिची चाचणी झाली आणि तर्जनीवर २३ आले, तर मशीन बाण काढणार नाही, कारण मर्यादा २० आहे. पण ४८ वरून २३ म्हणजे निम्म्याहून जास्त गेलं, आणि हे जुना कागद समोर असेल तरच डॉक्टरांना दिसेल.